मागे सरकण्याचं कारण

मंगळवार, ९ (सुट्टी)

आज जे घडलं ते क्रमाने.

१. लिहिणारा ठरल्याप्रमाणे बागेच्या फाटकाशी भेटला. माझ्या आधी येऊन उभा होता.
२. आम्ही सराफांच्या रस्त्याला गेलो आणि तीन दुकानं पाहिली.
३. पहिल्या दोन दुकानांत मी बऱ्याच अंगठ्या घालून पाहिल्या आणि प्रत्येकीतला दोष सांगितला.
४. तिसऱ्या दुकानातल्या एका अंगठीत मला दोष सापडला नाही.
५. मी ती काढून मखमलीवर ठेवली आणि मागे सरकले.
६. त्याने ती दुकानातल्या बाईंना परत दिली. काही घेतलं नाही.
७. बाहेर सुट्टीची परेड आली होती. रस्ता बंद होता, म्हणून ती जाईपर्यंत आम्ही दुकानाच्या पायरीवर उभे राहिलो.
८. तो त्याच्या बसने गेला, मी माझ्या.

अंगठी कोणासाठी हवी होती ते त्याने सांगितलं नाही. मी विचारलं नाही.

घरी आल्यावर वहिनीला एवढंच सांगितलं. ती वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. हातातला टॉवेल तसाच धरून माझ्याकडे बघत राहिली.

"एवढंच?"

"एवढंच."

"अगं फूटपट्टे, सुट्टीच्या दिवशी एक धडधाकट माणूस तुला सोनाराकडे घेऊन जातो, आणि तू मला आठ कलमं ऐकवतेस? हा काय पंचनामा आहे?"

दादा पेपराआडून म्हणाला, "आठवं काय होतं?"

"बस," मी म्हटलं.

"हं. तेच महत्त्वाचं आहे," तो म्हणाला आणि पान उलटलं.

बुधवार, १०

कालची आठ कलमं बरोबर आहेत पण अपुरी आहेत. उरलेलं आज लिहिते.

आमच्या प्रयोगशाळेत बाहेरची मोजमापाची साधनं तपासायला येतात. दवाखान्यांतले तराजू, कारखान्यांतले दाबमापक, तापमापक, वजनं. काम जोडीने चालतं. एकजण वाचतो, दुसरा लिहितो. कोणता आकडा यायला हवा ते फक्त लिहिणाऱ्याला ठाऊक असतं, वाचणाऱ्याला ते कळू द्यायचं नाही. नवा माणूस आला की साहेब त्याला पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगतात, "डोळ्याला आशा लावू नका. आशा लागली की डोळा खोटं बोलतो, आणि वर त्याला वाटतं की आपण खरंच बोलतोय."

तरीही वाचणाऱ्याला आकडा कळलाच, किंवा अमुक एकच आकडा यावा असं मनातून वाटायला लागलं, तर हातमोजे काढून ठेवायचे आणि टेबलापासून मागे सरकायचं. ते वाचन रद्द. का, असं लिहिणाऱ्याने विचारायचं नाही. विचारत बसलं की बोलण्यातून आणखी काहीतरी कळून जातं.

मी वाचते, तो लिहितो. नोकरीला लागल्यापासून असंच आहे. म्हणून या वहीत त्याला लिहिणारा म्हणते.

मागच्या आठवड्यात डबा खाताना त्याने विचारलं, "सुट्टीला मोकळी आहेस?"

"का?"

"एक अंगठी घ्यायची आहे. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

"कोणासाठी?"

तो डब्याचं झाकण लावत हसला. "ते लिहिणाऱ्याकडे असू दे. सांगितलं तर तुझं वाचन बिघडेल."

हे नियमाला धरून होतं. मी हो म्हटलं.

त्याला समुद्रकाठच्या नव्या प्रयोगशाळेचा कारभार मिळाला आहे. रविवारी, २८ तारखेला तो जाणार. गाव सोडून कायमचा निघालेला माणूस अंगठी घेतो, यातून काय समजायचं ते सांगायला कोणी लागत नाही. मी समजले, आणि तरीही गेले. चांगलं वाचन करून द्यावं असा विचार होता.

पहिल्या दुकानात गर्दी होती. दुसऱ्यात माणूस सारखा "मॅडमना शोभेल" म्हणत होता. मी त्याला सांगितलं, "मॅडमचा संबंध नाही. मी फक्त बोट आणलंय." लिहिणारा खोकला.

तिसरं दुकान अरुंद आणि लांबट आहे, रेल्वेच्या डब्यासारखं. एक वयस्क बाई ते एकट्या चालवतात. त्यांनी माप विचारलं. मी इथेही सांगितलं की मी फक्त बोट आणलंय.

"साधारण हिच्याएवढंच," तो म्हणाला.

यात नवल नाही. बायकांच्या या बोटाची मापं फार वेगवेगळी नसतात.

बाईंनी कड्यांचा जुडगा काढला. वेगवेगळ्या मापांच्या कड्या एका साखळीत ओवलेल्या होत्या. हा शेवटचा कधी तपासून घेतला होता, असं मी विचारलं.

"सुनेच्या लग्नात," बाई म्हणाल्या. "तिला बसली. अजून बसतेय. संसारही बसलाय. आणखी काय तपासायचं?"

लिहिणारा मोठ्याने हसला. प्रयोगशाळेत तो असा कधी हसत नाही, कारण काटे हलतात.

मी माझे मुद्दे सांगत गेले. खडा उंच असेल तर कापडात अडकतो. जाळीचं काम असेल तर त्यात मळ बसतो. "ती हाताने काम करते का?" मी विचारलं. एवढं विचारायला हरकत नव्हती, वापराची माहिती वाचणाऱ्याला देता येते.

"हातानेच करते," तो म्हणाला. "दिवसभर. हातमोजे घालून."

"मग उंच खडा नको."

"नको."

यावरून ती परिचारिका असावी. त्याच्या आईच्या ओळखीत कोणी परिचारिका आहे, असं तो पूर्वी बोलला होता.

मग बाईंनी मागच्या खणातून एक काढली. बारीक कडं, त्यात खडा अर्धा बुडवलेला, वरून बोट फिरवलं तर जेमतेम कळेल एवढाच. मी घातली. हात उलटा केला, सुलटा केला, मूठ मिटली. दोष शोधला. सापडला नाही. पुन्हा शोधला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की दोष सापडू नये म्हणून मी शोधते आहे.

आणि तेवढ्यात एक शक्यता मनात आली. ती इथे लिहीत नाही. ती खरी आहे असं वाटायला लागलं तेव्हाच मला कळलं की आपला डोळा आता कामाचा राहिला नाही. मला जे हवं आहे तेच मला दिसत होतं. अंगठी काढली, मखमलीवर ठेवली, मागे सरकले. माझ्या पाठीला समोरचं कपाट लागलं.

लिहिणारा माझ्याकडे बघत होता. मग त्याने अंगठीकडे पाहिलं.

"रद्द?" तो म्हणाला.

"रद्द," मी म्हटलं.

त्याने विचारलं नाही. आमच्यात विचारत नाहीत.

शुक्रवार, १२

आज डबा खाताना तो मला "तुम्ही" म्हणाला. साहेबांसमोर आम्ही एकमेकांना तुम्ही म्हणतो, एरवी तू. साहेब आज जागेवर नव्हते.

"तुम्हाला मीठ हवंय?" असं वाक्य होतं.

नको म्हटलं. हवं होतं.

रविवार, १४

परेडबद्दल लिहायचं राहिलं होतं. तसं त्यात लिहिण्यासारखं विशेष काही नाही.

आम्ही दुकानातून बाहेर आलो तेव्हा दोन्ही बाजूंना दोऱ्या लागल्या होत्या आणि माणसं तिथपर्यंत दाटली होती. पलीकडे जायला वाट नव्हती. दुकानाच्या पायरीवर दोघांपुरती जागा होती, पण मला समोर त्याचा खांदा येत होता. खाली घडीच्या स्टुलावर एक आजोबा बसले होते. त्यांनी मान वळवून आमच्याकडे पाहिलं आणि लिहिणाऱ्याला दटावलं, "अहो, बायकोला पुढे घ्या की! तिला काय तुमची पाठ बघायला आणलीय?"

तो बाजूला झाला. मी पुढे आले. आजोबांची चूक आमच्यापैकी कोणी दुरुस्त केली नाही. आवाज फार होता.

आधी अग्निशमन दलाच्या गाड्या गेल्या, शिड्या घासूनपुसून लख्ख केलेल्या. मग शाळेतल्या मुली रंगीत कड्या घेऊन गेल्या. त्यातली एक सारखी उलट्या बाजूला वळायची आणि तिच्या मागची तिला कोपराने सरळ करायची. मग निवृत्त सैनिक. त्यांचा पाय जुळत नव्हता, आणि त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं.

"त्यांना रद्द करायचं का?" लिहिणारा म्हणाला.

मी हसले. दुकानातून बाहेर आल्यापासूनचं ते त्याचं पहिलं वाक्य होतं.

मग परिचारिकांची तुकडी आली. पांढरे कपडे, निळे पट्टे, ओळी एकदम सरळ. मी लिहिणाऱ्याकडे पाहिलं, तिला शोधताना तो दिसेल म्हणून. तो तुकडीकडे बघतच नव्हता. माझ्या हाताकडे बघत होता, जिथे अंगठीच्या कड्याचा वळ अजून गेला नव्हता. ती त्या दिवशी कामावर असावी.

सर्वांत शेवटी मोठं बँडपथक होतं. ते बरोबर आमच्यासमोर आलं आणि पुढे काहीतरी अडलं. पुढची तुकडी थांबली. पथकाला थांबायचा हुकूम आला नाही, आणि पुढे जायला जागा नव्हती. मग ते सगळे जागच्या जागी चालत राहिले. गुडघे तितकेच वर, ढोलावर टिपरू तितक्याच जोरात, आणि जमिनीवर सगळे तिथल्या तिथे. ढोलवाल्याच्या कानामागून घाम गळ्यात उतरत होता. समोर कोणी आहे की नाही याकडे त्याचं लक्ष नव्हतं. मला त्याच्यावरून डोळे काढता येईनात.

पायरीच्या लोखंडी कठड्यावर लिहिणाऱ्याचा हात होता, शेजारी माझा. मध्ये अंतर होतं. किती ते मी सांगू शकले असते. ते कमी व्हावं असं वाटत होतं, म्हणून मोजलं नाही.

पुढची वाट मोकळी झाली आणि पथक निघून गेलं. आजोबांनी स्टूल घडी करून काखेत मारलं. "चला, झालं वर्षाचं," म्हणाले. मग लिहिणाऱ्याला, "जपून न्या हो, गर्दी आहे."

त्याने मला बसपर्यंत जपून नेलं. खांद्याला धक्का न लागू देता.

मंगळवार, १६

नव्या लिहिणाऱ्या बाई आल्या. दुसऱ्या शाखेतून बदली होऊन आल्या आहेत, अनुभवी आहेत, अक्षर सुरेख आहे. शिकून घ्यायला म्हणून आज त्या माझ्याबरोबर बसल्या आणि तो मागच्या खुर्चीवर.

दाबमापकाच्या काट्यामागे आरशाची पट्टी असते. डोळा तिरका असेल तर काट्याशेजारी त्याचं प्रतिबिंब दिसतं. डोळा सरळ आला की काटा आपल्याच प्रतिबिंबाला झाकतो, आणि मगच आकडा वाचायचा. काटा ठरायला वेळ लागतो. त्या वेळात बोलायचं नाही, हलायचं नाही. लिहिणारा त्या वेळात पेन्सिल कागदावर टेकवूनसुद्धा ठेवत नाही. ती हवेत धरतो, कारण टेकवली की तिचा आवाज होतो आणि मला घाई वाटते. हे मी त्याला कधी सांगितलेलं नाही.

नव्या बाई काटा हलतोय तोवर म्हणाल्या, "झालं का हो?"

"नाही."

"आता?"

"नाही."

"माझ्या मेल्या सवयीच वाईट," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे यंत्रं बिचारी पटकन सांगायची."

मागून तो हसेल असं वाटलं. हसला नाही. मी वळून पाहिलं नाही. पण त्या सगळ्या वाचनांत मला एवढं कळत होतं की तो मागे आहे आणि पेन्सिल हातात नसताना त्याला हात कुठे ठेवावेत ते सुचत नाहीये.

संध्याकाळी आई म्हणाली, "तुझा तो जोडीचा माणूस जातोय ना? एकदा चहाला बोलव की त्याला. इतकी वर्षं आम्ही त्याच्याबद्दल नुसतं ऐकतोय."

"त्याला वेळ नसेल."

"विचारलंस?"

वहिनी चहा गाळत होती. "ती कशाला विचारेल, आई? बोलणाऱ्याची बोरं विकली जातात आणि न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात. आपल्या घरात गव्हाचं कोठार आहे."

"वहिनी, तू ज्या अर्थाने म्हणतेस तसं काही नाही. त्याचं ठरलेलं आहे."

"कोणी सांगितलं?"

"अंगठी घेतोय तो."

वहिनीने गाळणी खाली ठेवली. माझ्याकडे बघितलं, मग आईकडे. "आई, तुम्ही हिला लहानपणी डोक्यावर पाडलं होतं का? खरं सांगा. मी कोणाला बोलणार नाही."

मी उठून खोलीत आले. तिला काय सांगायचं होतं ते मला कळलं नाही असं नाही. पण वहिनी माझ्या बाजूची आहे. तिच्या डोळ्यालाही आशा लागलेली आहे. बाजूच्या माणसाचं वाचन धरत नाहीत.

गुरुवार, १८

त्याचं टेबल रिकामं होतं आहे. खणातल्या वस्तू तो रोज थोड्या घरी नेतो. आज त्याने त्याची उंच खुर्ची नव्या बाईंना दिली. त्यांचे पाय जमिनीला टेकेनात, म्हणून मग खालचा स्क्रू फिरवून बसवून दिली. जाताना मला म्हणाला, "तुमच्या टेबलावरचा दिवा थोडा डावीकडे झुकतो. मी गेल्यावर कोणाला तरी सांगून घट्ट करून घ्या."

रोज सकाळी तो दिवा तोच सरळ करायचा, हे मला आज कळलं. मला वाटायचं तो सरळच असतो.

शनिवार, २०

अर्ध्या दिवसाने सुटले आणि तिसऱ्या दुकानात गेले. का, याचं कारण असं लिहू शकते की जुडगा तपासून घेण्याचा पत्ता बाईंना द्यायचा होता. पत्ता दिलासुद्धा.

बाई चष्मा कपाळावर ढकलून म्हणाल्या, "तू बोटवाली ना?"

"हो."

"आणि बाकीची?"

"बाकीची पण आलेय."

"मग बस."

मी बसले. अंगठी विकली गेली का, हे विचारायचं होतं. मी जुडग्यातल्या कड्यांच्या झिजेबद्दल बोलत राहिले. त्यांनी ते सगळं ऐकून घेतलं. मग आपणहूनच म्हणाल्या, "तो आला होता गं परत."

"कोण?"

"कोण काय कोण! तुझा पेन्सिलवाला. कानावर पेन्सिल ठेवून आला होता, विसरून. मला वाटलं घ्यायला आलाय. मी डबी काढली. तर घेईना. म्हणतो, बाई, त्या दिवशी तिने ती काढून ठेवली, तेव्हा तिचा चेहरा कसा होता, तुम्ही पाहिलात का?"

मी जुडग्यातली एक कडी फिरवत राहिले.

"मी म्हटलं, बाबा, माझ्यासमोर सोनं असतं तेव्हा मी सोन्याकडे बघते, चेहऱ्याकडे बघून धंदा होतो का? तुझे डोळे काय गहाण पडले होते? तर म्हणाला, मी पाहिला, पण माझ्या बघण्यावर माझा भरवसा नाही. आता यावर काय बोलायचं! मी म्हटलं, मग तिलाच विचार जाऊन. तर म्हणतो, आमच्यात विचारत नाहीत." बाईंनी चष्मा नाकावर घेतला आणि माझ्याकडे नीट पाहिलं. "कसली गं तुमची जात? विचारत नाहीत म्हणजे? मग तुमच्यात माणसांना कळतं तरी कसं?"

"आमच्यात माणसं मोजत नाहीत," मी म्हटलं. "यंत्रं मोजतात."

"ते दिसतंच आहे."

घरी येताना बसमध्ये विचार केला. त्याने असं विचारण्याची दोन कारणं संभवतात. पहिलं, अंगठीत मला काय खोट दिसली ते त्याला जाणून घ्यायचं असेल, म्हणजे तिच्यासाठी दुसरी बघता येईल. दुसरं लिहीत नाही.

पहिल्या कारणाला चेहरा लागत नाही.

रविवार, २१

काही घडलं नाही. दिवसभर घरात होते. दादाने विचारलं, बरं नाही का. बरं आहे म्हटलं. एक आठवडा राहिला.

सोमवार, २२

नव्या बाई वाचनाच्या मध्ये एकदाही बोलल्या नाहीत. शिकल्या. मला ते आवडायला हवं होतं.

मंगळवार, २३

आज साहेबांच्या खोलीत गेले. त्यांना म्हटलं, नियमाबद्दल शंका आहे.

"बसा. कोणता नियम?"

"मागे सरकण्याचा. वाचणारा मागे सरकला तर लिहिणाऱ्याने कारण विचारायचं नाही."

"बरोबर."

"मग ते कारण कळतं कसं?"

साहेब जाड काचेच्या पेल्यातून पाणी पीत होते. पेला खाली ठेवून म्हणाले, "कळतं कसं म्हणजे? मागे सरकलेला माणूस नंतर सांगतो."

"सांगायचं असतं?"

"अहो, वाचन रद्द झालं, टेबल सुटलं, आता कशाची आशा आणि कशाचा डोळा! बाहेर येऊन चहा पिताना सांगून टाकायचं, की बाबा, मला अमुक कळलं होतं, म्हणून सरकलो. दुसऱ्याच्या जिवाला घोर नको. लिहिणाऱ्याने विचारू नये हा नियम आहे. वाचणाऱ्याने सांगू नये असा नियम मी कधी केला?"

मी पेल्यातल्या पाण्याची पातळी पाहिली.

"तुम्ही इतकी वर्षं कधीच सांगितलं नाहीत की काय?"

"नाही. मला वाटलं तोही नियमच आहे."

साहेबांनी समोरचे कागद सारखे केले, जे आधीच सारखे होते. "तो नियम तुमचा तुम्ही केलात," ते म्हणाले. "वाईट नाही. पण माझ्या नावावर खपवू नका."

दारापर्यंत गेले तेव्हा मागून म्हणाले, "रविवारी सकाळची गाडी आहे त्याची. तुम्हाला माहीत असेलच."

मला माहीत नव्हतं, सकाळची आहे ते. तोही नियम बहुधा मीच केला होता, की गाडी कितीची ते विचारायचं नाही.

बुधवार, २४

वहिनीला सगळं सांगितलं. कलमं न पाडता. मध्येच थांबले, मागे गेले, पुन्हा पुढे आले, एकच गोष्ट दोनदा सांगितली. ती पलंगावर मांडी घालून बसली होती आणि एकदाही चेष्टा केली नाही. ते मला सर्वांत अवघड गेलं.

शेवटी तिने विचारलं, "तुला भीती कशाची वाटते?"

"चुकीचं वाचल्याची."

"आणि न वाचता गाडी गेली तर?"

तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला, मी लहान नाही तरी, आणि दिवा लावून गेली.

मी समोर उभी राहून हे बोलू शकणार नाही. काटा हलत असताना मला बोलता येत नाही. म्हणून लिहून देते. खालचा मजकूर उद्या सकाळी त्याच्या हातात द्यायचा. टेबलावर ठेवायचा नाही, हातातच द्यायचा. खाडाखोड झाली तरी पुन्हा लिहायचा नाही.

"९ तारखेला तिसऱ्या दुकानात मी मागे सरकले. कारण तू विचारू शकत नव्हतास, आणि मी सांगायला हवं होतं. ते आता सांगते.

अंगठीत दोष नव्हता. मला ती काढावीशी वाटत नव्हती. ती दुसऱ्या कोणाच्या बोटात जाऊ नये असं वाटत होतं. असं वाटत असताना तुला सल्ला देणं बरोबर नव्हतं, म्हणून सरकले. तुला नको म्हणण्यासाठी नाही.

ती कोणासाठी होती हे मला अजून माहीत नाही. दुसऱ्या कोणासाठी असेल तर जरूर घे, तीच घे, चांगली आहे, आणि मी हे लिहिलं म्हणून तिला किंवा स्वतःला वाईट वाटून घेऊ नकोस.

माझ्यासाठी असेल तर हो.

मला तुझ्या शेजारी बसायची सवय झाली आहे असं मी आजवर समजत होते. ती सवय नाही. काम नसतानाही मला तुझ्या शेजारी बसायचं आहे, बोलायचं आहे, आणि तू मला तू म्हणावंस असं वाटतं. त्यासाठी दुसऱ्या गावी यावं लागलं तर येईन. आईने तुला चहाला बोलावलं आहे, ते वेगळं.

यात मी कुठलाही अंदाज बांधलेला नाही, असं लिहिणार होते. ते खरं नाही. मला आशा आहे. फार आहे.

रविवारी सकाळी तुझी गाडी आहे. शुक्रवारी, २६ तारखेला, संध्याकाळी काम सुटेपर्यंत मला उत्तर दे."